अल्लीपूरची लाइन

‘ते म्हणतात, दवाखान्यात नेऊ नका.’

हे वाक्य सुलोचना बोलून गेली आणि मग ते तिला ऐकू आलं. बोलताना ऐकू आलं नव्हतं. रोजच्यासारखंच हळू, एकेक शब्द सुटा करून, अल्लीपूरच्या लाइनवर बोलावं लागतं तसं ती बोलली होती. पलीकडून म्हातारीचा आवाज ‘बरं बाई’ म्हणाला, खट्ट झालं, बोर्डावरची पितळी झडप पडली, आणि हातानं आपलं आपण कॉर्ड उपटून जागेवर ठेवली. गेली कितीतरी वर्षं तो हात हेच करत आला होता. मग खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर तानाबाईनं पाण्याचा तांब्या मारला, ओल्या वाळ्याचा वास आला, आणि त्या वासाबरोबर ते वाक्य कुठूनतरी फिरून परत आलं. आवाज तिचा होता. चर्चमध्ये रविवारी वाचन करणारा, बाबांना संध्याकाळी गोळी घ्या म्हणणारा. त्याच आवाजात कोणीतरी म्हणालं होतं, नेऊ नका.

वर्ध्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये अल्लीपूरची लाइन म्हणजे शिक्षाच. त्यातून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला. खांबांवरच्या तारा उन्हानं सैल होऊन लोंबायच्या आणि वर्ध्याचा माणूस कितीही ओरडला तरी त्याचा आवाज वाटेतल्या कापूस निघून गेलेल्या पऱ्हाटीच्या वावरांत कुठेतरी जिरून जायचा. अल्लीपूरचा आवाजही वर्ध्याच्या दुकानात पोचायचा नाही. दोन्ही आवाज एक्स्चेंजपर्यंत मात्र यायचे, दमलेले का होईना, यायचे. मग ऑपरेटरनं मध्ये उभं राहायचं. एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, ते म्हणतात. दुसऱ्याचं ऐकायचं आणि पहिल्याला सांगायचं, त्या म्हणतात. बाकीच्या पोरी या कामाला कंटाळायच्या. गुलाब तर सरळ ‘लाइन खराब आहे’ म्हणून मोकळी व्हायची. सुलोचना कंटाळत नसे. सकाळी हेडफोन डोक्यावर चढवण्याआधी ती एक क्षण डोळे मिटायची. कोणाला कळायचंही नाही, पदर सारखा केल्यासारखं करून ती मनात म्हणायची, प्रभू, कानात पडेल ते तुझं, ओठांवर येईल ते त्यांचं, मध्ये माझं काही नको. हे तिचं रोजचं व्रत होतं. एक दिवस चुकलं नव्हतं. तापानं फणफणलेली असतानाही नाही. इतर लोक देवळात जातात, उपास धरतात, तू काय करतेस, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण हे होतं. या खुर्चीवर बसून शहराच्या सगळ्या गोष्टी कानांतून जाऊ द्यायच्या आणि एकीलाही हात लावायचा नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या रुईच्या गाठी बाजारात पडून राहिल्या, कोण कोणाशी दुपारच्या वेळी हळूच बोलतं. गुलाब म्हणायची, ‘हिच्या कानात पडलं का विहिरीत पडलं. आवाज बी येत नाई, सिस्टर, तुह्या विहिरीचा.’ सिस्टर म्हणजे नर्सबिर्स नव्हे, ख्रिस्ती म्हणून सिस्टर. सुलोचना हसायची. मनातून तिला ते आवडायचं, त्या विहिरीचं.

आणि आज विहिरीत काय पडलं होतं? तिनं पुन्हा सगळं आठवून पाहिलं. कापड लाइनीतलं नानाजी शेटचं दुकान, ते वर्ध्याच्या टोकाला. अल्लीपूरच्या टोकाला त्यांची आई आनंदाबाई, त्यांच्या तिथल्या घरात. म्हातारी आधी नुसतीच श्वास टाकत होती. मग म्हणाली, धाकटी सून औषध प्याली, कपाशीवर माराचं. कवा प्याली ठाऊक नाई. तोंडाले फेस आहे. ‘नान्याले विचार बाई, काय करू. धाकटा बी घरी नाई, नागपूरले गेलाय मालाले.’ आणि सुलोचनेनं तसंच, जसंच्या तसं, दुकानाच्या टोकाला सांगितलं. त्या म्हणतात, सून औषध प्यालीय. त्या म्हणतात, तोंडाला फेस आहे. आपल्या आवाजात कंप होता का? नव्हता. हेच तिला आता भयंकर वाटत होतं. नानाजी शेट ऐकत होते. मागे दुकानात कोणीतरी लुगडं झटकत होतं, ‘पदर पाहा ना मावशी, पदर,’ असा नोकराचा आवाज. मग शेट घाईघाईनं, तोंडावर हात धरून बोलावं तसे बोलले. ‘मिठाचं पाणी पाज म्हणा. उलटी काढा म्हणा. दवाखान्यात नेऊ नका. दवाखान्यात नेलं का पोलीस येते, बयान होते. लेकीचं लगन आलंय आठ दिवसांवर, पाहुणे परत जातीन. सांगा बाई लवकर.’ त्यांचाही आवाज घाबरलेला होता. तो राक्षसाचा आवाज नव्हता. राक्षसाचा असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं, निदान जीभ अडखळली असती. हा माणसाचा होता, म्हणून ती म्हणाली, मिठाचं पाणी पाजा. उलटी काढा. ते म्हणतात, दवाखान्यात नेऊ नका.

तिनं समोर पाहिलं. बोर्ड तसाच होता, पितळी झडपांच्या रांगा, खाली दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या कॉर्डी. देखरेखीवरचे मॉनिटर लक्ष्मणराव टेबलाखाली पाय हलवत हातपंख्यानं वारा घेत होते. सगळं तसंच असणं हे तिला सहन होईना. कोणीतरी ओरडायला हवं होतं. पोलीस ठाण्याचा नंबर बोर्डाच्या वरच्या ओळीत होता, तो तिला डोळे मिटूनही सापडला असता. तिनं कॉर्ड उचलली. हात तिथवर गेला आणि थांबला. नोकरीला लागताना सही केली होती, ऐकलेलं बाहेर सांगणार नाही म्हणून. त्या दिवशी इतर मुलींनी शपथ वाचली. ती अडखळली होती, कारण घरी शपथ घ्यायची रीत नव्हती. बाबा म्हणाले होते, ‘शपथ नको घेऊ बाई, वचन दे. वचन शपथेपेक्षा जड असतं.’ ते वचन आता तिचं मनगट धरून बसलं. वचनाच्या मागे दुसरीही भुतं उभी होती, लहान लहान, लाज वाटावी इतकी लहान. सस्पेंड करतील. क्वार्टर जाईल. बाबांची नजर गेलेली, त्यांना या वयात घेऊन कुठे जाणार. नानाजी शेट गावातलं मोठं माणूस, सण आला की एक्स्चेंजला मिठाई पाठवतात, लक्ष्मणराव त्यांना ‘मालक’ म्हणतात. आणि लोक काय म्हणतील? ख्रिस्ती बाई, हिच्या पोटात काय राहणार. साऱ्या ऑफिसात आपण एकटीच ख्रिस्ती, आपल्या एकटीकडे पाहून लोक सगळ्यांचं माप घेतात, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून ती कधी उशिरा आली नाही, म्हणून डब्यात कधी वासाचं आणलं नाही, म्हणून आवाज चढवला नाही. तिला एकदम वाटलं, म्हणूनच. देवासाठी नव्हे. हातातली कॉर्ड तिनं जागेवर ठेवली.

‘काय झालं गं?’ गुलाबनं मान वळवून विचारलं. ‘उन्ह लागलं का? तोंड पांढरं पडलंय तुहं.’

‘काही नाही.’

‘पाणी पी. तानाबाई, हिले पाणी दे वो. अल्लीपूर म्हटलं का हिचा जीव जाते.’

जीव जाते. गुलाब सहज म्हणाली. तानाबाईनं पाणी आणलं, माठातलं, वाळ्याच्या वासाचं, आणि तोंडाला लावताना सुलोचनेला वाटलं, त्या घरात आत्ता कोणीतरी असंच पाणी तोंडाला लावत असेल. मिठाचं. दात घट्ट बसलेले असतील. कडेनं सगळं गळ्यावर ओघळत असेल. तिला त्या सुनेचं नाव माहीत नव्हतं. म्हातारी फक्त ‘धाकटी’ म्हणाली होती. नाव नसलेल्या बाईसाठी प्रार्थना कशी करतात? तिनं करून पाहिली. शब्द आले नाहीत, नुसतं ते वाक्य आलं, ते म्हणतात, ते म्हणतात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे शब्द वाहून वाहून आपल्याकडे आपला एकही शब्द उरला नाही की काय, अशी एक भीती तिच्या पाठीतून वर चढत गेली.

बाबा महारोग्यांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, ते दिवस तिला आठवले. आठवायला नको होते. प्रेमदास ड्रेसर म्हटलं की पंचक्रोशीतले रोगी विश्वासानं यायचे, कारण त्याच्या तोंडून कोणाचं नाव बाहेर जात नाही अशी त्याची ख्याती होती. कितीतरी जण नाव बदलून राहायचे. गावाकडे बायकापोरांना वाळीत टाकू नये म्हणून. बाबा जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे, आणि ती सगळी खरी नावं पोटात ठेवून घरी येऊन जेवायचे. लहानपणी ती दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. एकदा फाटकात एक म्हातारी आली होती, केळझरकडची. धुळीनं पाय पांढरे झालेले, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात बोरकूट. ‘माहा तानबा इथंसा हाय का, बाबू? कोनी म्हनलं, हाय. म्या त्याच्यासाठी बोरकूट आनलं.’ बाबांच्या मागे, ताटीच्या आड, तानबा उभा होता. इथं तो तानबा नव्हता, भिका होता. सुलोचनेला तो ताटीच्या फटीतून दिसत होता. तो बाबांकडे पाहत जोरजोरानं मान हलवत होता, नाही, नाही. नाक बसलेलं ते तोंड आईनं पाहू नये म्हणून. आणि बाबा म्हणाले, ‘या नावाचं कोणी नाही इथे, आजी.’ अगदी हळू आवाजात, मायेनं. म्हातारीनं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. ‘बरं बाबू,’ म्हणाली. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि ताटीमागून जो आवाज आला तो सुलोचनेनं पुन्हा कधी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. तानबा धावत फाटकाशी गेला होता, त्याच्या पायाची पट्टी सुटून मागे मातीत फरपटत होती. म्हातारी वेशीपर्यंतही गेली नसेल. बाबांना धावता आलं असतं. ते उभेच राहिले, हातात कापसाचा बोळा धरून. त्यानंतर कितीतरी रविवार उपासना झाल्यावर ते घरी न येता त्या फाटकापाशी जाऊन बसायचे. आई विचारायची, कोणाची वाट पाहता? ते सांगायचे नाहीत. म्हातारी परत आली नाही. सुलोचनेला मात्र इतकी वर्षं ती गोष्ट बाबांच्या सचोटीची वाटत आली होती. वचन पाळणारा माणूस. त्यांच्या हातातला तो बोळा तिनं आठवणीतून नेहमी वगळला होता. आज तो पहिल्यांदा दिसला, पिवळट पाण्यानं भिजलेला, टपटप गळणारा, आणि म्हातारीचं ‘बरं बाबू’ आणि मघाचं ‘बरं बाई’ एकाच तोंडातून आल्यासारखं वाटलं.

झडप पडली. अल्लीपूर.

क्षणभर तिनं गुलाबकडे पाहिलं. गुलाबनं लाइन घेतली तर? गुलाब म्हणेल, लाइन खराब आहे, आणि सगळं आपल्या हातून सुटेल. ती मोकळी होईल. या मोकळं होण्याचा मोह एवढा गोड होता की तिला त्याचीच भीती वाटली. तिनं कॉर्ड लावली.

‘वर्धा.’

‘बाई, तूच का मघाची? आनंदाबाई बोलून राह्यली. दुकानाले लाव वो माय. सुमित्रा कशीच करून राह्यली. डोये फिरवते. पाय झाडते. मले भेव लागून राह्यलं.’

सुमित्रा. तर नाव होतं. सुलोचनेनं दुकानाची लाइन जोडली. त्या जोडण्यात बराच वेळ गेला, नोकराला शेटना बोलवायला वेळ लागला, आणि तेवढ्यात अल्लीपूरच्या टोकाहून, म्हातारीच्या मागून, दूरवरून एक आवाज येत होता. बाई कण्हत होती की दाराची कडी वाजत होती, कळत नव्हतं. शेट आले. ‘बोला.’

‘त्या म्हणतात, सुमित्रा डोळे फिरवते आहे. पाय झाडते. त्यांना भीती वाटते.’

‘वैद्याले बोलवा म्हणा गावातल्या. गुपचाप.’ मग शेटचा आवाज खाली आला, जवळजवळ रडवा झाला. ‘आईले म्हणा, संध्याकाळपर्यंत थांब. अंधार पडू दे, मग मी येतो गाडी घेऊन. उजेडी नेलं का सारं गाव पाहीन. आत्ता दवाखान्यात नेऊ नका म्हणा.’

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. संध्याकाळ फार लांब होती. अल्लीपूरच्या टोकाला म्हातारी वाट पाहत होती, तिचा धापा टाकणारा श्वास कानाशी होता. दुकानाच्या टोकाला शेटचा श्वास. दोन श्वास आणि मधे ती. या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, पण तिचं दोघांनाही येत होतं, हे तिला ठाऊक होतं. ती खोटं बोलली तर शेटला त्याच क्षणी कळणार होतं. आयुष्यात जाणूनबुजून खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. ‘ते म्हणतात, न्या.’ एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. ‘ते म्हणतात—’

‘काय म्हनते तो?’ म्हातारी ओरडली. ‘बोल वो बाई! काऊन गप आहेस?’

ते म्हणतात. हे दोन शब्द तिच्या जिभेवर इतके गुळगुळीत झाले होते की त्यांच्या पुढे काहीही घातलं तरी ते निसटून जाईल, तिचं उरणार नाही, खोटंही त्यांच्याच खात्यावर जाईल. तेवढ्यासाठीच तिला ते नकोसे झाले. भीती काही गेली नव्हती. प्रभू कुठे आहे हे तिला मुळीच जाणवत नव्हतं. नेहमी सकाळी जाणवायचं तसं, डोळ्यांच्या मागे ऊबदार काहीतरी, ते अजिबात नव्हतं. नुसता कानात वाऱ्यासारखा रिकामा घूंऽऽ आवाज. त्या रिकाम्यात ती म्हणाली,

‘आनंदाबाई, ते नाही म्हणतात. मी म्हणते, न्या. आत्ताच्या आत्ता हिंगणघाटला न्या. गावात कोणाची जीप असेल ती करा, ट्रॅक्टर करा, पण थांबू नका. अंधार पडेपर्यंत ती राहणार नाही.’

तिचा आवाज चढला होता. लक्ष्मणरावांचा पंखा थांबला. गुलाबनं आपल्या कानावरचा हेडफोन खाली ओढला.

‘ओ बाई!’ दुकानाच्या टोकाहून शेट ओरडले. ‘काय बोलून राह्यल्या तुम्ही? मी काय सांगतलं? कोण बोलून राह्यलं तिथं? नंबर सांगा तुमचा!’

ऑपरेटरनं अशा वेळी आपला नंबर सांगायचा असतो, नाव सांगायचं नसतं. नंबरामागे लपता येतं. ‘सुलोचना,’ ती म्हणाली. ‘सुलोचना प्रेमदास.’

‘पाहतोच मी. येतो तिथं. तुमची नोकरी पाहतो मी!’ खट्ट. दुकानाची झडप पडली.

अल्लीपूरची पडली नाही. म्हातारीनं फोन ठेवलाच नव्हता, सोडून दिला होता. रिसीव्हर कुठेतरी लोंबत असावा, भिंतीवर हळूहळू आपटत असावा, टक्, टक्. नियमाप्रमाणे आता कॉर्ड काढायची. दोन टोकं बोलत नसतील तर ऑपरेटरनं ऐकायचं नाही. सुलोचनेनं कॉर्ड काढली नाही. ती ऐकत बसली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी घरात कान घालून बसली. कोंबडी ओरडली. कोणीतरी बाई ‘धर वो, धर, डोकं धर’ म्हणाली, की तिलाच तसं वाटलं. खाट फरफटत नेल्यासारखं काहीतरी. मग बराच वेळ काही नाही. मग दूर एक घरघर. जीप असेल? की ट्रॅक्टर? की ही इथलीच, पोस्टाच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीची, खिडकीतून येणारी? तिनं दुसरा कान हातानं झाकला. घरघर तिथेही होती, हाताच्या आतही होती.

‘सुलोचनाबाई,’ लक्ष्मणराव तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज तिच्यापेक्षाही घाबरलेला होता. ‘हे काय केलं तुम्ही? अख्ख्या एक्स्चेंजमध्ये एक माणूस होता ज्याची मले काळजी नव्हती. आता वर काय सांगू मी? तुमचं तर तुमचं, माह्यावर बी येईन. उठा खुर्चीवरून. कॉर्ड काढा.’

‘थोडं थांबा.’

‘काढा म्हणतो ना.’

‘लक्ष्मणराव, थोडं.’ तिनं पाहिलं, तिचा हात कॉर्डवर नव्हता, कॉर्डभोवती होता. कोणीतरी ओढून काढेल म्हणून तिनं ती मुठीत धरली होती. गुलाब आपल्या जागेवरून उठली आणि काही न बोलता लक्ष्मणराव आणि खुर्ची यांच्या मधे येऊन उभी राहिली, हातात पाण्याचा पेला धरून, जणू पाणीच द्यायला आली होती.

खाली, रस्त्यावर, सायकल रिक्षा थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर कोल्हापुरी वहाणा वाजू लागल्या. कापड लाइन काही लांब नव्हती. वहाणा थांबायच्या, धाप घ्यायच्या, पुन्हा चढायच्या. जाड माणूस होता. सुलोचनेचा कान अल्लीपूरलाच होता. तिनं डोळे मिटले नाहीत. मागायचं काही सुचलं नाही. सकाळचं ते ‘मध्ये माझं काही नको’ तर नाहीच. तिनं नुसतं ते नाव आत धरलं, सुमित्रा, सुमित्रा, दुसऱ्या कोणाच्या तोंडचं नाही, आपल्या तोंडचं.

टक्, टक् थांबलं. पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचलला. नवा आवाज, खरखरीत, कामवाल्या बाईचा असावा. ‘कोन हाय वो? हालो?’

‘वर्ध्याहून बोलते. आनंदाबाई कुठे आहेत?’

‘नाई वो घरी. समदे गेले. जीपमंदी घालून नेलं धाकट्या बाईले. हिंगनघाटले.’

‘जीव होता?’

तार सैल होती, आवाज वावरांवरून येत होता, कदाचित वाटेतच असेल.

‘डोये उघडे होते, बाई,’ ती म्हणाली. ‘माह्याकडं पाहून राह्यली होती. मले काई समजलं नाई.’

दार ढकललं गेलं. वाळ्याचा गारवा फाटून बाहेरचं ऊन आत आलं, आणि उन्हात घामानं भिजलेला, टोपी हातात घेतलेला माणूस. त्याचे ओठ थरथरत होते. रागानं की कशानं, तिला सांगता आलं नसतं. ‘कोण आहे ती?’ तो म्हणाला. ‘कोण बोलली माह्या घरात?’

सुलोचनेनं हेडफोन काढून बोर्डावर ठेवला. कान तापला होता. कॉर्ड तिनं तशीच लावलेली राहू दिली. टेबलाची कड धरून ती उभी राहिली.

‘मी,’ ती म्हणाली.